दाजींची आफ्रिका

आफ्रिका खंड आपल्या गावापासून, वडगाव रासाईपासून सुरू होतो, याबद्दल आमच्या दाजींच्या मनात कधी शंका नव्हती. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान दौंडकडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. पण गोऱ्या लेखकांशी त्यांचं सूत काही जुळलं नाही. साहेब निघून गेल्यावर आफ्रिकेतल्या लेखकांनी आपापल्या गावांच्या, आपल्या माणसांच्या ज्या कादंबऱ्या लिहिल्या, त्यांच्यावर यांचा जीव. एसटीत, सोसायटीच्या मीटिंगात, लग्नाच्या पंगतीत, समोर सापडेल त्याला ते त्या सांगत. एकदा एका तेराव्याला, कादंबरीतल्या म्हाताऱ्याची जमीन साहेबानं कशी घेतली हे ऐकून आमचे चुलते आप्पा कळवळून म्हणाले, "आवं, मंग तलाठ्याकडं गेला का न्हाई त्यो?" दाजी भरून पावले. "बघ," मला म्हणाले, "हा खरा वाचक." ताईनं कपाळाला हात लावला.

मागच्या वर्षी कारेगावात एका कंपनीचं मशिन बसवायला नायजेरियाचा एक तरुण इंजिनिअर आला, चिदी नावाचा. पोरं न विचारता त्याच्याबरोबर सेल्फी काढत आणि पाठ वळली की फिदीफिदी हसत. शेवटी "शेजारी कुरकुर करत्यात" म्हणून घरमालकानं त्याला खोली सोडायला सांगितलं. हे कानावर येताच दाजी तडक कारेगावला गेले. घरमालकाला म्हणाले, "आरशात बघून सांगा, आपल्यातला गोरा कोण ते." आणि चिदीला बॅगांसकट घरी घेऊन आले.

त्याच संध्याकाळी त्यांनी त्याच्यापुढं पुस्तकांचा ढीग मांडला. चिदी संकोचून इंग्रजीत म्हणाला, "सर, यातलं मी एकही वाचलेलं नाही."

दाजींचा चेहरा बघवेना. ताई म्हणाली, "आवं, त्याला आधी जेवू तर द्या."

भाकरी खाता खाता चिदी बोलू लागला. शाळेत घरची भाषा तोंडातून निघाली की छडी बसायची. आजी बोलायची तो अडाणीपणा, हेच तो शिकला. आईशीही तो इंग्रजीतच बोलायचा.

दाजींनी एक कादंबरी उघडली आणि वाचायला लागले. इंग्रजीच, पण तिला वळण त्या गावाचं. दोन म्हातारे भांडत होते, एकमेकांवर म्हणी फेकत होते. चिदी खळखळून हसला. "आजी अशीच बोलायची," म्हणाला. "हे पुस्तकात लिहितात, मला माहीतच नव्हतं." त्यानं दाजींच्या हातून पुस्तक घेतलं आणि पुढचं स्वतः मोठ्यानं वाचलं.

नंतर अंगणात जाऊन त्यानं फोन लावला. तो काय बोलत होता, आम्हाला एक अक्षर कळलं नाही. पण ताई पदर डोळ्याला लावून म्हणाली, "आईशी बोलतोय गं."

दाजी ओट्यावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. आयुष्यभर पुस्तकी मराठी बोलणारा हा माणूस अंगणाकडं बघत हळूच म्हणाला, "पुण्याला शिकून आलो, आन् आईला 'न्हाई' न्हाई, 'नाही' म्हणायला शिकवलं. मंग तिचं बोलणंच कमी झालं. शेवटी शेवटी मला, पोटच्या पोराला, आवं-जावं करायची."