कोपराखालचा हात

व्हरांड्याच्या टोकाला, मोडक्या खुर्च्या ठेवायच्या खोलीला लागून बाईंचा वर्ग भरायचा. मुलं सात. एकाला जिन्याच्या पायऱ्या चढवत-उतरवत बेरीज-वजाबाकी शिकवायची. दुसरा टेबलाखाली बसल्याशिवाय वाचायचा नाही, म्हणून गुडघे दुखत असले तरी बाईही टेबलाखाली शिरायच्या. एकीला प्रत्येक शब्द आधी गुणगुणून दाखवावा लागे.

"सात मुलं आणि सात शाळा," मुख्याध्यापक म्हणायचे. "आता आठवी तुमच्यासाठी काढा, बाई."

बाई हसून सोडून द्यायच्या. एकच चप्पल सगळ्यांच्या पायात कोंबायची नाही, एवढं एक तत्त्व त्यांनी वीस वर्षं धरलं होतं.

सातवी मुलगी म्हणजे राणीसाहेब. वय अकरा. तोंडातून शब्द नाही, पण बसणं असं ताठ की समोरच्यानेच उठून मुजरा करावा. तिच्यासाठी बाईंनी लाकडी फळीवर चित्रं चिकटवून पाटी केली होती. पहिले आठ महिने तिने पाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग एके दिवशी बाईंनी तिच्या कोपराखाली सहज हात धरला, आणि तिचं बोट उचललं जाऊन पाण्याच्या चित्रावर टेकलं. बाईंनी पाणी दिलं. ती प्यायली. त्या दिवशी घरी जाताना बाई आपला बसथांबा विसरून दोन थांबे पुढे गेल्या.

त्याला चार वर्षं झाली. कोपर हातात घेतलं की राणीसाहेब सगळं सांगायची. आवडता रंग पिवळा. मधल्या सुट्टीत बाहेर नको, वर्गातच बरं. मागच्या वर्षी तिने आधी 'आई'वर बोट ठेवलं आणि मग 'आवडते'वर. तिची आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची. ते पाहून ती वर्गातच खाली बसून रडली होती.

आता बाईंना तिला पुढच्या वर्षी मोठ्या वर्गात, इतर मुलांबरोबर बसवायचं होतं. त्यासाठी तपासणी लागते. अर्ज बाईंनीच केला, तीनदा आठवणही त्यांनीच दिली.

तपासायला आलेली मुलगी बाईंच्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिने बाई आणि राणीसाहेब यांच्या मध्ये एक पुठ्ठा उभा केला. "मी दोघींना चित्र दाखवीन. हिने पाटीवर तेच दाखवायचं. तुम्ही नेहमीसारखं कोपर धरा."

चमचा, घर, बूट, कंगवा. बोट बरोबर जाऊन बसत होतं. दहा चित्रं झाली तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर मुलीच्या लग्नातल्यासारखा उजेड होता.

"दहापैकी दहा ना?"

तपासणाऱ्या मुलीने पुठ्ठ्यापलीकडची चित्रं टेबलावर मांडली. पहिली चार तीच होती. पुढची सहा वेगळी.

"इथून पुढे तिला मी दुसरंच दाखवत होते, मॅडम. तिला मासा दाखवला तेव्हा तुमच्यासमोर छत्री होती. तिने छत्री दाखवली."

"मी ढकललं नाही."

"मुद्दाम नाहीच. करणाऱ्याला कळत नाही. पुस्तकात यावर अख्खं प्रकरण आहे."

"परत घ्या," बाई म्हणाल्या. "मी डोळे मिटते."

परत घेतलं. बाईंनी डोळे घट्ट मिटले. हातातलं कोपर नुसतं जड होतं. कितीतरी वेळाने बोट फळीवरून घसरत कडेला गेलं आणि तिथून खाली लोंबलं.

बाई डोळे मिटूनच बसल्या. पिवळा रंग त्यांचा स्वतःचा आवडता. मधल्या सुट्टीतला गोंगाट त्यांनाच सोसत नसे. चार वर्षं ती पोर पिवळे फ्रॉक घालत होती. चार वर्षं तिने मैदान पाहिलं नव्हतं.

आई बाहेर बाकावर होती. कामावरून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आली होती. बाईंनी तिला सगळं सांगितलं. आडवळण घेतलं नाही, स्वतःला वाचवलं नाही.

आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "आणि ते मागच्या वर्षीचं? मी आवडते म्हणाली ते?"

"तेव्हाही माझाच हात होता."

"म्हणजे मी तुम्हाला आवडते." आईने पदराने नाक पुसलं. "बरं झालं, बाई. कुणाला तरी."

बाईंनी तिच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला आणि अर्ध्यातच मागे घेतला.

"मग हिला काय हवंय, ते कुणाला ठाऊक?" आईने विचारलं.

"मला नाही."

"मी समजत होते, तुम्हाला आहे. म्हणून मी बघणं सोडलं होतं," आई म्हणाली आणि मुलीला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राणीसाहेब वेळेवर आली. बाईंनी पाटी पुढे ठेवली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. आज बोट जिथे जाईल तिथे जाऊ दे, नाही गेलं तर नाही.

मुलीने पाटीकडे पाहिलं नाही. तिने फक्त कोपर उचललं आणि सवयीने बाईंसमोर धरलं. चार वर्षांत ती एवढी एक गोष्ट पक्की शिकली होती. हात अवघडला तरी तिने तो खाली घेतला नाही. बाई समोर बसून राहिल्या. उरलेली सहा मुलं आपापल्या जागी वाट पाहत होती, आणि कुणापासून सुरुवात करावी ते बाईंना सुचत नव्हतं.