गुप्तनाथाचा साक्षीदार

लोणावळा स्टेशनावरचे पार्सल क्लार्क शरच्चंद्र टिपणीस यांनी आयुष्यात एकोणीस खून केले, सगळे कागदावर. पहिला १९१९ साली. नोकरीवर गदा नको म्हणून पुण्याच्या प्रकाशकाने सुचवलेलं ‘गुप्तनाथ’ हे नाव त्यांनी मुकाट्याने घेतलं. तिथेच माती खाल्ली.

त्यांचा पहिला वाचक, खरं तर ऐकणारा, हौशीराम हमाल. कुरवंड्याचा, अक्षरशत्रू, पण कान तिखट. दुपारी दोन गाड्यांच्या मधल्या वेळात टिपणीस हस्तलिखित वाचत आणि हा पार्सलांवर बसून खुनी ओळखी. ओळखला की टिपणीस प्रकरण पुन्हा लिहायला घेत.

१९४१ला पेन्शन झाली. विसाव्या पुस्तकावर तरी स्वतःचं नाव यावं, एवढीच आस उरली होती. प्रकाशकाने कळवलं, “वाचक गुप्तनाथांना ओळखतात, टिपणिसांना नाही.” आणि दिवाळीत गुप्तनाथांचं नवं पुस्तक निघालं. लिहिलं होतं भलत्याच कुणीतरी!

ते नाव डोळ्यांसमोर नको म्हणून टिपणिसांनी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि हौशीरामला वाचून दाखवलं. तिसऱ्याच पानावर तो उसळला.

“मेल लोनावळ्याला न थांबता घाटात उतरली? ब्रेक न तपासता? ह्ये तुमचं न्हाई, सायेब!”

बावीस वर्षांत टिपणिसांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. त्याला घेऊन ते तडक वाचनालयात गेले आणि चारचौघांत म्हणाले, “गुप्तनाथ मी आहे. जुनी पुस्तकं माझी, नवं खोटं. हा माझा साक्षीदार.”

लोक गालात हसले. वाचनालयाच्या चिटणीसांनी एक जुनं आणि ते नवं, अशी दोन पुस्तकं हौशीरामपुढे ठेवली. “सांग, यातलं यांचं कुठलं?”

कुणी चार ओळी वाचून दाखवल्या असत्या, तर त्याने डोळे मिटून सांगितलं असतं. पण हमालाला वाचून कोण दाखवतो! छापलेलं मुखपृष्ठ त्याने कधी पाहिलंच नव्हतं. एकावर बाई होती, दुसऱ्यावर घाटातली गाडी. आपल्या सायबांचं म्हणजे गाडीचंच असणार. त्याने अभिमानाने गाडीवर बोट ठेवलं.

ते नवं पुस्तक होतं. वाचनालयात जो हशा पिकला, तो टिपणीस मरेपर्यंत विसरले नाहीत. त्यानंतर त्यांनी एक ओळही लिहिली नाही.

परतताना हौशीराम पुन्हा पुन्हा विचारत होता, “बरोबर दावलं न्हवं, सायेब?”

“व्हय रे,” टिपणीस म्हणाले, “बरोबर दावलंस.”