जाळीतली पानं

तिचं नाव विचारायची मला हिंमतच झाली नाही हो. मँचेस्टरला लेकीच्या घरामागे बर्चच्या झाडांचं दलदलीचं रान आहे. तिथे झाडांखाली जाळीचे दोन ट्रे दिसले, आत कोरडी, स्वच्छ पानं. माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीला खत होईल म्हणून दोन्ही ट्रे मी पिशवीत रिकामे केले. मागे वळले आणि पानांखालच्या काळ्या चिखलात पाय गुडघ्यापर्यंत गेला. ओढावा तर आणखीच खाली!

"डोन्ट मूव्ह, लव्ह!" रबरी बूट घातलेली एक बाई धावत आली. फळी टाकून तिच्यावर पालथी पडली आणि हातांनी माझ्या पायाभोवतीचा चिखल सैल करू लागली. मला धीर यावा म्हणून सारखी बोलत होती. "इथे पाणी साचतं, पानं नीट कुजत नाहीत, नुसते थर चढतात. कुठल्या झाडाखाली किती पडतात, ते मी ट्रे लावून वर्षभर मोजतेय."

पाय सुटल्यावर मी पिशवी पुढे केली. "तुमच्या ट्रेमधली आहेत. माझ्या कुंडीत खत म्हणून घेतली. दोन्हीकडची एकत्र झाली."

ती पिशवीत बघत राहिली. मग कानामागची पेन्सिल काढून तिनं वहीतले या महिन्याचे दोन रकाने खोडले. चिखलाच्या हातानं, अगदी सरळ रेघ मारून.

"मला आता नाही चालणार. तुमच्या कुंडीत घाला," म्हणाली, आणि आपल्या बॅगेतले कोरडे मोजे माझ्या हातात ठेवले.

चार शब्द रागानं बोलली असती, तर मला घरी जाणं सोपं गेलं असतं.