माळेतला उरलेला रुपया

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत साक्रीच्या बाजारात एक म्हातारा दोरखंड विकायचा. बायकोच्या माळेतले रुपये तिच्या शेवटच्या दुखण्यात गेले होते. उरलेला एकच राणीछाप चांदीचा रुपया त्याच्या गळ्यात असे. चांदी फार महागली होती. मी म्हणालो, "आबा, सोनार याचे दोन रुपये देईल." तो नुसता हसला.

पुढच्या बाजारी पाहतो तर राणीशेजारी नवा, हिणकस रुपया ओवलेला. भोक पाडलेला रुपया आता कुणी दुकानदार घेणार नव्हता.

"चांगला रुपया वाया घालवलात की!" मी चिडलोच.

"ती चाले तवय माळ वाजे," तो म्हणाला. "एकला रुपया वाजस नही, भाऊ."

मग ओझं उचलून तो निघाला. नवा रुपया बद्द वाजत होता. तरी तो मुद्दाम पाय आपटत चालला होता.