वरून घालायचं पाणी

माझ्या धाकट्या भावानं सोलापूरच्या आमच्या दोन खोल्यांत समुद्र मांडायचं काढलं, तेव्हा मी त्याला आधी वेड्यात काढलं आणि मग शिव्या घातल्या. महापालिकेच्या शाळेतली बाई मी. माझ्या शिव्या 'मेल्या' आणि 'मुडद्या' यापुढे जात नसत, पण आवाज असा की शेजारचे माग थांबावेत. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं. मोठा दुष्काळ सरून तीनेक वर्षंच झाली होती, वाटीभर पाणी सांडलं तरी जीव कळवळायचा. आणि या गृहस्थांना माशांसाठी पाणी हवं! घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

तरी मला ठाऊक होतं की ही माशांची टाकी होणार. त्याचं कारण सांगते. हा मालवाहू बोटीवर खलाशी होता. आमच्या खानदानात समुद्र पाहिलेला तो एकटाच. सात वर्षं हिंडला आणि एका बंदरात बोटीच्या मालाच्या खणात वरून खाली पडला. कमरेखालचं सगळं गेलं. आई-वडील आधीच वारले होते, माझं लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे घरात आम्ही दोघंच. पहिलं वर्षभर तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. एक दिवस उशीचा अभ्रा काढताना रुमालाची गाठ सापडली. उघडली तर झोपेच्या गोळ्या. रोजची एक न खाता त्यानं साठवल्या होत्या. मी त्याला एक अक्षर विचारलं नाही, गोळ्या मोरीत ओतल्या. त्यानंही विचारलं नाही. आठवडाभरानं मात्र म्हणाला, "अक्का, मला काच पाहिजे. चार फूट."

मग शिव्या घातल्या आणि काच आणली.

वेल्डरनं लोखंडी चौकट करून दिली, काचेच्या सांध्यांना पुट्टी, त्यावर डांबर. समुद्राचं पाणी आणणार कोण? तर त्याचा शाळेतला दोस्त. तो ट्रक चालवायचा, महिन्यातून दोनदा रत्नागिरीला जायचा. येताना डबे भरून पाणी, वाळू, आणि ओहोटीला उघडे पडणारे खडकांचे तुकडे ओल्या गोणपाटात गुंडाळून आणायचा. पहिल्या खेपेला घाईघाईनं मासे सोडले, सगळे आठवड्यात मेले. भाऊ खचेल म्हणून मी धास्तावले होते. पण तो म्हणाला, "माझीच चूक हाय. दगड आधी पाण्यात मुरू द्यायला पाहिजेत." बोटीवर असताना कुठल्याशा बंदरात घेतलेलं एक इंग्रजी पुस्तक त्याच्या ट्रंकेत होतं, ते छातीवर ठेवून वाचायचा. मग दोन महिने आम्ही नुसते पाण्यातले दगड बघत बसलो. येणारे-जाणारे विचारायचे, बाई, टाकीत मासे कुठायत? मी म्हणायची, "न्हाणीत गेलेत, येतील एवढ्यात."

आणि खरंच आले की! दोन पट्ट्यापट्ट्यांचे मासे, शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे, आणि फुलासारखा दिसणारा एक जीव, समुद्रफूल. हाताच्या पंजाएवढं, हिरवट तपकिरी, बोटं हलवावीत तसं हलायचं. दगडांवर पोवळ्याचा एक तुकडा होता, त्यावर संध्याकाळी बारीक बारीक तोंडं उघडायची. मला ते कळेपर्यंत महिना गेला. मी त्याला दगडच समजत होते. "अगं, जिवंत हाय ते," तो म्हणाला आणि हसला. दीड वर्षात पहिल्यांदा हसला. त्या दिवशी मी शाळेत एकाही पोराला रागावले नाही.

दिवसभर त्याला काम असायचं. वीज गेली की हवेचा पंप बंद. मग ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबमधून नळीनं हवा सोडायची, हे तो पडल्या पडल्या करायचा. खारटपणा मोजायला बॅटरीवाल्याकडची काचेची तरंगती नळी आणली होती. सोलापूरचं ऊन! टाकीतलं पाणी रोज दोन-दोन बोटं आटायचं. मीठ काही उडून जात नाही, म्हणून वरून घालायचं ते गोडच पाणी, तेही नळाचं औषध उडावं म्हणून एक दिवस ठेवलेलं. त्यासाठी कोपऱ्यात मातीचा एक माठ असायचा. त्या माठातला थेंब मला प्यायची चोरी होती.

एप्रिलमध्ये त्याच्या पाठीवरच्या, पडून पडून झालेल्या जखमा चिघळल्या. गावातल्याच दवाखान्यात ठेवावं लागलं. स्ट्रेचरवरून जाताना त्यानं माझा हात धरला. "अक्का, टाकी तुझ्यावर. पाणी एक दिवस ठेवून मगच घाल. बाकी काही नको करू." पाठीतून पू वाहतोय आणि याला टाकीचं पडलंय! पण खरं सांगते, त्यानं माझ्या हातात काही सोपवलंय याचा मला आनंद झाला होता. आतापर्यंत मी त्या टाकीची नुसती वैरीण होते.

तिसऱ्या दिवशी माठ हलवताना फुटला. आता पाणी ठेवायचं कशात? प्लास्टिकच्या बादलीत मी धुणं भिजवायची, ती ओवळी वाटली. घरात आजीचा तांब्याचा हंडा होता. तांब्यातलं पाणी म्हणजे सगळ्यात शुद्ध, लहानपणापासून हेच ऐकलेलं. देवाला तांब्यातलं, आजाऱ्याला तांब्यातलं. मग त्याच्या माशांनी काय घोडं मारलंय? मी माळ्यावरून हंडा काढला, चिंच लावून घासघास घासला, आरशासारखा झाला. भरून टाकीशेजारी स्टुलावर ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मोजून वाटी-वाटीनं घालायला लागले.

पहिल्यांदा खेकडे गेले. शंखातून अर्धे बाहेर लोंबत होते. मला वाटलं, उन्हानं. पोवळ्याची तोंडं उघडेनात. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. सकाळची शाळा सुटली की धावत यायची, पडद्याला ओलं गोणपाट लावायची, पंखा टाकीवर धरायची आणि हंड्यातलं पाणी घालायची. फूल आक्रसून गोळा झालं, मग त्याची साल सुटायला लागली. तशी मी एकदाच्या जागी दोनदा पाणी घालू लागले, टाकीतलं जुनं काढून हंड्यातलं ताजं. चांगलंचुंगलं खायला घालून आजारी माणूस बरा करतात ना, तसं. मासे शेवटी गेले. घरात असा वास सुटला की शेजारीण नाकाला पदर लावून विचारायला आली.

रोज संध्याकाळी डबा घेऊन दवाखान्यात जायची. तो पहिला प्रश्न विचारायचा, "फूल उघडलं?"

"उघडलंय की," मी म्हणायची. "चांगलं टरारलंय." तोंडावर सांगायची हिंमतच झाली नाही. आठवडाभर खोटं बोलले.

तेराव्या दिवशी दोस्तानं आणि आणखी एकानं त्याला उचलून घरी आणलं. मी दारातच रडायला लागले. सांगून टाकलं, सगळं गेलं रे, मी आठवडाभर तुला फसवलं. त्यानं टाकीकडे पाहिलं, मग स्टुलावरच्या हंड्याकडे. बराच वेळ पाहत होता. मला वाटलं, चक्कर येतेय. मग म्हणाला, "हंडा लई चकाचक केलायस, अक्का."

"तुझ्या माशांसाठीच केला!"

"दिसतंय की," तो म्हणाला. "ऊनच लई होतं या वर्षी. उन्हानं गेले. तू रडू नको."

दोस्त म्हणाला, पुढच्या खेपेला पाणी आणतो, नव्यानं मांडू. भाऊ नको म्हणाला. मी समजावलं, चिडले, हात जोडले. ज्या टाकीसाठी मी घर डोक्यावर घेतलं होतं, तिच्यासाठी आता मीच त्याच्या विनवण्या करत होते. काच आणते, दगड आणवते, तुला हवं तेवढं पाणी घे, मी बिनआंघोळीची राहीन. "आता हौस फिटली," एवढंच बोलायचा. पुस्तक ट्रंकेत गेलं. जेवण निम्म्यावर आलं. औषधाची गोळी जिभेखाली धरायचा आणि मी वळले की थुंकायचा, ते मला पलंगाखाली झाडताना कळायचं. दिवाळीनंतर ताप सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं निकामी झाली. थंडीत तो गेला. एकतीस वर्षांचा होता.

पुढे उन्हाळ्याच्या तोंडाशी मी त्या दोस्ताला बोलावलं. म्हटलं, ही टाकी घेऊन जा बाबा, मला बघवत नाही. त्यानं चौकट सुटी केली, दगड पोत्यात भरले. जाता जाता म्हणाला, "चौकट भंगारात देतो. पण दगड कुणाला मासे पाळायला देणार नाय हां, अक्का. तांबं मुरलंय त्यांत."

"कसलं तांबं?"

त्याचा चेहरा पडला. "काय नाय, असंच."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस. चाळीस पोरं रोज बोलतात माझ्याशी खोटं."

पोतं खाली ठेवून तो उंबऱ्यावर बसला. म्हणाला, बोटीच्या बुडाला तांबं घातलेला लाल रंग देतात. शिंपले, शेवाळ काही म्हणजे काही चिकटू नये, जगू नये म्हणून. भावानं सात वर्षं तो रंग खरवडला होता आणि पुन्हा लावला होता. दवाखान्यातून आला त्या दिवशी हंडा बघताक्षणी त्याला कळलं. मी चुलीकडे गेल्यावर त्यानं दोस्ताला सांगितलं.

"मी म्हटलं, मग नवीन मांडू की," दोस्त सांगत होता. "तर म्हणतो, नवीन मांडायचं म्हणजे अक्काला सांगावं लागतंय, हंडा नको म्हणून. ती विचारणार, का. मग तिला कळणार. म्हणाला, तिनं लई जीव लावून केलंय, राहू दे. आईची कसम घातली मला. मी काय करू, अक्का?"

दोस्त गेल्यावर मी दार लावून घेतलं. मला भावाचा राग आला, भयंकर राग आला. अरे मेल्या, भांडायचं होतंस की माझ्याशी! हंडा फेकून मारायचा होतास! मी काय तुझ्या शब्दानं मोडून पडले असते?

आणि मग तो दवाखान्यातून आल्यानंतरच्या आठ महिन्यांतली एक दुपार आठवली. ताट तसंच परत आलं होतं आणि माझं डोकं फिरलं होतं. मी त्याला म्हणाले होते, "चार मासे उन्हानं मेले तर एवढं सुतक? लोकांची पोरं मरतात, तरी उठून कामाला लागतात. तुझ्यात धमकच नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं होतं आणि म्हणाला होता, "व्हय अक्का. नाही माझ्यात."