चितळं बसायची ती उतरण

धर्मांतरानंतर दुसऱ्या वर्षी मी जंगलखात्यात नाकेदार म्हणून लागलो. आमच्या वस्तीत सरकारी नोकरी लागलेला मी पहिलाच. केळापूर तालुक्यातल्या ज्या बीटवर माझी नेमणूक झाली, तिथं एक मोठी उतरण होती. मी यायच्या आधीच तिथली मोठी झाडं तोडून नेली होती आणि उरलेल्या थुटांतून सागाचे, येनाचे, धावड्याचे फुटवे पुरुषभर उंच झाले होते. हुकूम साधा होता. साग ठेवायचा, बाकीचं झुडूप कापून साफ करायचं.

पहिल्या हिवाळ्यात मी तो मन लावून पाळला. त्याच हिवाळ्यात भर दुपारी खालच्या गावच्या तुरीत कुत्र्यांनी एक चितळ फाडलं. मादी होती, गाभण. मी पोचलो तेव्हा तिचे पाय अजून हलत होते.

माझ्यासोबत कामाला जवळच्या पोडावरचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचा, एक म्हातारा कोलाम असायचा. मी त्याला मामा म्हणायचो. तो त्या मादीपाशी उकिडवा बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "हे तुह्या सफाईनं मेलं, नाकेदार."

"माह्या? कुत्र्यांनी मारलं ना, मामा."

"जनावर रातभर चरते अन् दिवसा बसते. बसाले आडोसा लागते. थो तू कापून टाकला. मंग ते तुरीत नाही बसन त कुठं बसन?"

मला राग आला. चार दिवस मी त्याच्याशी कामापुरतं बोललो. पाचव्या दिवशी मीच विचारलं, "मंग काय करा लागते, सांगा."

त्यानं सांगितलं नाही, करून दाखवलं. सागाला त्याची जागा मोकळी करून द्यायची, पण मधे मधे कुडा, येरोणी, तेंदू यांचे पुंजके तसेच राखायचे. वाकडी, निकामी रोपटी मुळातून तोडायची नाहीत. कमरेएवढ्या उंचीवर अर्धा घाव घालून ती खाली लववायची. एका बाजूची साल जुळलेली राहते, त्यामुळे झाड मरत नाही. पाला हिरवा राहतो, जनावराच्या तोंडाशी येतो आणि खाली सावलीचं छप्पर होतं. पुंजका उताराच्या वरच्या अंगाला हवा, म्हणजे बसलेल्या जनावराला खालचं सगळं दिसतं आणि मागून येणारा वास वारा आणून देतो. प्रत्येक पुंजक्यातून नाल्याकडे दोन वाटा मोकळ्या ठेवायच्या.

"दोन कायले?"

"एकीकडून भेव आलं त दुसरीकडून पळता आलं पाह्यजे."

तीन हिवाळे आम्ही ते काम केलं. डायरीत मी 'सफाई केली' एवढंच लिहायचो. दुसऱ्या वर्षापासून पुंजक्यांत परातीएवढ्या चेपलेल्या जागा दिसू लागल्या. जनावर नुकतंच उठून गेलं असेल तर तिथलं गवत हाताला कोमट लागायचं. एकदा बायको भाकरी घेऊन आली, तेव्हा मी तिला लांबूनच एक मादी दाखवली. लववलेल्या धावड्याखाली ती डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती. बायको कितीतरी वेळ हलली नाही. खाली तुरीत त्या वर्षी एकही चितळ मेलं नाही.

मग एका सकाळी साहेबांची जीप आली. साहेब उतरणीवर थोडं फिरले आणि थांबले. "ही सफाई आहे? हा सगळा कचरा कुणासाठी ठेवला?"

मी गप्प राहिलो असतो, तर फार तर मेमो मिळाला असता. पण मला भीती वाटली आणि त्याहून जास्त, मिरवावंसं वाटलं. म्हणालो, "साहेब, इथं चितळं बसतात." एवढ्यावर थांबलो नाही. एकेक पुंजका दाखवला. वारा कुठून येतो ते सांगितलं. दोन्ही वाटाही दाखवल्या. मामा मागे उभा होता. तो एकदा खाकरला. मी लक्ष दिलं नाही.

साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "हुशार आहेस तू." लहानपणी ज्याची सावलीसुद्धा गावातले लोक चुकवत होते, त्या मला तो हात किती मोठा वाटला, हे आज सांगतानाही लाज वाटते.

पंधरा दिवसांनी दोन जीपा आल्या. साहेब, त्यांचे पाहुणे, बंदुका आणि एका नराचा परवाना. मला हुकूम झाला, जनावरं उठवून हाकायला, हाक्याला माणसं घे आणि बंदुका कुठं बसवायच्या ते दाखव. मामा म्हणाला, "मी नाही येत." त्याला खात्याची भीती नव्हती, कारण खात्यानं त्याला काही दिलंच नव्हतं. मला दिलं होतं. धर्मांतराच्या वेळी प्राणिहिंसा करणार नाही असं हात जोडून म्हटलेला मी, दोन्ही वाटांच्या तोंडाशी पाहुण्यांना बसवून आलो.

वरून डबे वाजले. चितळं उठली आणि आम्ही आखून दिलेल्या वाटांनीच खाली आली. सहा पडली. नर एकच होता. साहेबांनी सांगितलं तसं मी कागदावर 'एक नर' लिहिलं आणि सही केली. एक तंगडी माझ्यासाठी बाजूला काढली होती. मी ती घरी नेली नाही, पण त्यात माझा काही मोठेपणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामा उतरणीवर भेटला. "नाकेदार, आपण बसाले जागा केली का मराले?"

"हुकूम होता, मामा."

"वाटा दाखवाचा हुकूम कोनं देल्ला होता तुले?"

त्यानं एका पुंजक्याला हात घातला आणि कापायला लागला. मग मीही लागलो. आठ दिवसांत आम्ही ती उतरण बोडकी केली. त्या आठ दिवसांत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही आणि नंतर कामावरही आला नाही.

पुढच्या हिवाळ्यात पाहुणे रिकाम्या हातानं गेले. साहेब चिडले आणि माझी बदली पुसदकडे झाली. चितळं पुन्हा तुरीत बसू लागली होती. जायच्या आदल्या दिवशी मी पोडावर गेलो. मामाची बायको दारात उभी राहून म्हणाली, "थे घरी नाही." आतून त्याचं खाकरणं मला स्पष्ट ऐकू येत होतं. "मी येऊन गेलतो म्हनून सांगजा," असं म्हणून मी परत फिरलो.

पुसदला माझ्या बीटवरही फुटव्याचं कोवळं जंगल होतं. तिथं मी निवृत्तीपर्यंत हुकुमाप्रमाणे सफाई केली.