वेली डावीकडे, शिंपले उजवीकडे

केजच्या त्या बंगल्यातलं छत अण्णांनी बिघडवलं नव्हतं. मी बिघडवलं होतं.

आज अण्णांना जाऊन वर्ष झालं. हे आधीच लिहायला हवं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. पीओपीच्या छताची कामं करायचे. केज, मांजरसुंबा, जिथून फोन येईल तिथे बाइकवर सामान बांधून निघायचे.

मी घरातली पहिली कॉलेजात गेलेली. बी.ए.ला असताना एका परदेशी म्युझियमच्या वेबसाइटवर मला फ्रान्सच्या जुन्या राजवाड्यांच्या नक्षीची छापील चित्रं सापडली. वेली, शिंपले, फुलांच्या माळा. मोबाइलवर अण्णांना दाखवली.

त्यांनी चष्मा लावला. झूम करून करून पाहिलं.

"माय, ह्या छताची डावी बाजू येगळी अन् उजवी येगळी. असं कावून?"

मला माहीत नव्हतं.

तरी मी म्हणाले, "राजवाडे तसेच असायचे अण्णा. स्टाइलच होती ती."

"आसंल. तू शिकलेली हायस."

आणि केजच्या बंगल्यात त्यांनी हुबेहूब तसंच केलं.

काम झालं त्या दिवशी मीही हौसेने बघायला गेले होते. मालकांनी वर पाहिलं.

"मिस्त्री, अर्ध्यात डिझाइन इसरलात का काय?"

सगळे हसले. मी गप्प.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चुकलं माझं, मालक. करून देतो."

उजवी बाजू त्यांनी स्वतःच्या हाताने फोडली. नंतर कितीतरी दिवस लोक त्यांना 'दोन डिझाइनवाला मिस्त्री' म्हणायचे.

पुढे मी त्या चित्राखालची माहिती नीट वाचली. एकाच कागदावर दोन नमुने काढलेले होते. गिऱ्हाइकाने एक निवडावा म्हणून.

अण्णांना सांगताना मला रडू आलं. ते हसायलाच लागले.

"म्हंजे राजाच्या मिस्त्रीला बी माझ्यावानी डिझाइनचा अल्बम दाखवावा लागायचा!"

"मी मालकांना जाऊन सांगते."

"काई गरज न्हाई. हसायचं तर मला हसू दे. तुज्या शिक्षणाला न्हाई."

त्या दिवाळीत त्यांनी आमच्या बैठकीचं छत केलं. डावीकडे वेली, उजवीकडे शिंपले.

"आपल्या घरात दोनी राहू दे."

आज वर्षश्राद्धाला आलेले एक पाहुणे वर बघून म्हणाले, "सोताच्या घरी बी चुकला बगा मिस्त्री."

या वेळी मी गप्प बसले नाही. सगळं सांगितलं. मग केजच्या मालकांनाही फोन केला.

अण्णा, तुम्ही नको म्हणाला होतात.

चुकलं माझं.

तुमच्या छताखाली बसूनच हे लिहिलंय. नमस्कार करते.